वहीत न लिहिलेलं

साईश, ही वही घे.
आपल्या वाड्यावरच्या एकतीस घरांच्या आरत्या हिच्यात आहेत,
काही माझ्या अक्षरात, काही माझ्या गुरूच्या.
एका पानावर समईचं तेल सांडलंय,
तिथला शब्द मलाही लागत नाही;
चाळीस वर्षं मी तिथे नुसता सूर लांबवत आलो.
तुला लागला तर म्हण.
नाही लागला तर तूही लांबव,
देवानं अजून विचारलेलं नाही.

वहीत नाही ते सांगतो.
कामतांकडे दोन भाऊ, दोन चुली, गणपती एकच.
मधल्या खांबापाशी उभा राहा.
कुणाच्या बाजूला अर्धं पाऊलही सरकू नकोस;
त्या घरात तालापेक्षा पाय सांभाळायचा असतो.
पुढे देऊबाय. तिचे कान गेलेत.
घुमट अगदी जवळ ने, ती छातीनं ऐकते.
नाईकांची माटोळी फार खाली लोंबते,
नारळ डोक्याला लागू नये म्हणून वाकशील,
तोच नमस्कार समज.
आणि विसर्जनाला धक्क्यावर
इनास दिवा धरून उभा असेल.
त्याचा बापही असाच उभा असायचा.
पंचखाद्य आधी त्याच्या हातावर ठेव, मग आपल्या माणसांना.

माझं घुमट मात्र मागू नकोस.
घोरपडीच्या कातड्याचं आहे, आता कायद्यात बसत नाही.
राहू दे खुंटीवर.
दमट दिवसांत ते आपणहून सैल पडतं,
मीही पडेन म्हणतो.

एक कबुली राहिली.
तीन वर्षं मी हे टाळलं.
लोकांना सांगितलं,
पोरगा वेर्ण्याच्या फॅक्टरीत रात्रपाळी करतो,
रासईहून फेरीबोट चुकवतो,
त्याचं घुमट बकऱ्याच्या कातड्याचं, आवाज पोकळ.
खोटं होतं ते.
आवाज चांगला होता.
मला माझ्याशिवायची आरती ऐकायची नव्हती.

मग गेल्या चवथीला
जुवारीच्या पाण्यात छातीपर्यंत उभा होतो.
मूर्ती हातातून निसटली,
आणि रिकामा पाट हलका होऊन वर आला.
पाट तेवढा वर्षानुवर्षं धरत आलो होतो,
त्याचं हलकं होणं कधी हाताला कळलं नव्हतं.
हा दर वर्षी येतो,
सगळं घर याच्याभोवती फिरतं,
आणि दीड दिवसात उठतो.
अजून एक आरती होऊ दे, म्हणत नाही.
पाटाकडे वळून बघत नाही.
आपणच तो पाट घरी आणतो,
वर नदीतली मूठभर रेती.
मी त्या संध्याकाळी रेती जरा जास्तच घेतली.
बायकोनं विचारलं, एवढी कशाला?
मला सांगता आलं नाही.

काल देवळात तालमीला तू आरती उचललीस.
तिसऱ्या कडव्याला लय धावली.
माझी बोटं मांडीवर तिच्यामागे पळाली,
मी ती दुसऱ्या हातात धरून ठेवली,
खोडकर पोराचा हात धरावा तशी.
सगळे माझ्याकडे बघत होते,
म्हालूकाका आता थांबवतील म्हणून.
मी देवाकडे बघत होतो.
तो तुझ्याकडे बघत होता.
चौथ्या कडव्याला लय तुझी तुलाच सापडली.

आता ती कांसाळी इकडे दे.
मागच्या रांगेत रामनाथाच्या पोराशेजारी बसतो.
नऊ वर्षांचा आहे, त्याला ताल येत नाही.
मला येतो,
म्हणजे आम्ही दोघंही शिकाऊच.

तू चुकलास तर मी खोकणार नाही,
एवढं वचन देतो.
खोकला खरोखरच आला
तर तू थांबू नकोस.